केतकी अस्वल आणि दोन व्होल्टेजचा स्ट्रेटनर

अगं ऐक, फोन ठेवू नकोस. परवाच घडलंय आणि मला आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय. आवाज तुटतोय का? थांब, खिडकीपाशी येते. हां. पण सरळ सांगणार नाही हं, गोष्ट म्हणून सांगणार. तू लहान बाळ, मी गोष्ट सांगणारी ताई. मांडी घालून बस. आणि मध्ये मध्ये 'म्हणजे कोण गं, म्हणजे तूच ना' असं विचारायचं नाही. गोष्टीतल्या प्राण्यांना आडनावं नसतात.

तर बाळा, एका जंगलात, जिथे प्रत्येक झाडावर वायफाय होतं आणि एकाही झाडावर ते धड चालत नव्हतं, तिथे केतकी नावाचं एक अस्वल राहत होतं.

केतकी तरुण होती, हुशार होती आणि केसाळ होती. केसाळ म्हणजे किती, तर पाठमोरी उभी राहिली की ससे तिला झुडूप समजून वळसा घालून जायचे. काळे, कुरळे, दाट केस. कंगवा एकदा आत गेला की कधी बाहेर येईल ते सांगता यायचं नाही. आई तिला लाडानं झिपरे म्हणायची. चिडली की पण झिपरेच म्हणायची, फक्त जरा लांबवून.

एक दिवस केतकीला मेल आली. थेट बर्फाच्या जंगलातून. तिथली पांढरी अस्वलं सहा महिन्यांचा एक कोर्स चालवतात, बर्फाला भोक पाडून मासे पकडण्याचा. केतकीनं तीनदा अर्ज केला होता, तीनदा नकार आला होता. या वेळी लागला नंबर. अख्ख्या जंगलातून दोघींचीच निवड झाली होती. एक केतकी, आणि दुसरी तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, उल्का साळिंदर.

साळिंदर मासे खात नाही, हे तुला माहीत असेल. उल्कालाही माहीत होतं. पण हा कोर्स केला की कुठेही नोकरी लागते असं तिनं ऐकलं होतं.

मेलच्या तळाशी बारीक अक्षरात नियम होते. सातवा नियम असा होता: फोटोतला प्राणी आणि वेशीवर आलेला प्राणी एकच असावा. शंका आल्यास परतीच्या विमानाने पाठवणी करण्यात येईल.

हे वाचून केतकी मटकन खाली बसली.

त्याचं काय झालं होतं, सांगते. अर्जाला फोटो लागतो. फोटोच्या दिवशी ही बया सकाळीच हरिणींच्या पार्लरमध्ये गेली. तिथे दोन हरिणींनी तीन तास खपून तिचे केस सरळ केले. मग तिनं फोटो काढला. आणि बाळा, काय फोटो आला म्हणून सांगू. केस असे पाण्यासारखे खाली आलेले. दोन डोळे, चक्क दोन वेगवेगळे दिसत होते. मान दिसत होती. आईनं फोटो बघितला आणि म्हणाली, अगंबाई, तुला मान आहे होय.

त्याआधीचे केतकीचे सरकारी फोटो आठवून बघ. रेशनकार्डावर ती वाळत घातलेल्या घोंगडीसारखी दिसते. कॉलेजच्या ओळखपत्रावर नुसताच काळा चौकोन. आयुष्यात पहिल्यांदा तिचा एक सरकारी फोटो चांगला आला होता.

फक्त तो तिच्यासारखा दिसत नव्हता.

उल्काचं डोकं या बाबतीत फार सरळ चालतं. ती म्हणाली, फोटो बदल. महिनाअखेरपर्यंत बदलता येतो, वेबसाइटवर लिहिलंय, अर्ध्या तासाचं काम आहे. उल्कानं स्वतःचा फोटो कोपऱ्यावरच्या दुकानात काढला होता. कपाळाला आठी, काटे उभे, तोंड अर्धवट उघडं. म्हणजे रोज सकाळी उल्का जशी दिसते, अगदी तशी.

केतकीनं मान हलवली.

"फोटो बदलणार नाही," ती म्हणाली. "मी बदलेन."

"विमानात अठरा तास बसायचंय. पार्लरचे केस तोपर्यंत टिकतील का?"

"नाही टिकणार. म्हणून उतरल्या उतरल्या परत सरळ करायचे. वेशीच्या आधी. त्यासाठी एक प्रवासी स्ट्रेटनर घ्यायचा."

उल्का म्हणाली, घे बाई. तिला वाटलं, संध्याकाळपर्यंत घेऊन होईल.

तीन आठवडे गेले.

हसू नकोस. हे असं झटपट घेण्यातलं काम नसतं. प्रवासी स्ट्रेटनर लहान हवा, म्हणजे पिशवीत मावतो. पण फार लहान असला की पट्ट्या बारीक, मग अस्वलाचे केस सरळ करायला दिवाळी उजाडायची. वायरवाला घ्यावा तर वायर आखूड. बॅटरीवाला घ्यावा तर तो विमानात कुठे ठेवायचा आणि मुळात न्यायचा का, यावर प्रत्येक विमान कंपनीचं वेगळं म्हणणं. पट्ट्या सिरॅमिकच्या की कसल्या त्या टायटॅनियमच्या. आपोआप बंद होणारा की आपण बंद करायचा. केतकीनं तक्ता केला. तक्त्याला रंग दिले. ज्या कोर्ससाठी जायचं होतं त्याचं पुस्तक तिनं या तीन आठवड्यांत एकदा हातात घेतलं, तेही तक्त्याखाली कडक काहीतरी हवं होतं म्हणून.

मग तिनं झाडाच्या ग्रुपवर विचारलं. ग्रुपवर मोरानं कळवलं की त्याचं सगळं नैसर्गिक आहे. हत्तीनं, ज्याच्या अंगावर मोजून वीस केस असतील, सर्वांत मोठा सल्ला दिला, पाच भागांत. गेंड्यानं सुप्रभात म्हणून कमळ पाठवलं.

शेवटी आई म्हणाली, विजेची वस्तू आहे ना, मग विजेवाल्याला विचार. म्हणून केतकी वायरमन घुबडकाकांकडे गेली. ते दिवसा झोपतात. त्यांनी एक डोळा उघडला.

"आपल्याकडे वीज दोनशे तीसची, तिकडे एकशे दहाची," काका म्हणाले. "इथला साधा स्ट्रेटनर तिकडे लावलास तर नुसता कोमट होईल. तिकडचा इथे लावलास तर जळेल. दोन्हीवर चालणारा घे. आणि अडॅप्टरवर विसंबू नकोस, तो फक्त पिना बदलतो, वीज नाही बदलत."

आणि डोळा मिटला.

संपलं. एवढंच कळायला हवं होतं, बाळा. पण घुबडकाकांना कुणी तारे दिलेले नव्हते. त्यांच्याखाली 'एकशे बारा जणांना ही माहिती उपयुक्त वाटली' असं लिहिलेलं नव्हतं. म्हणून केतकीनं घरी येऊन चारशे परीक्षणं वाचली आणि चार दिवसांनी, डोळे लाल करून, उल्काला येऊन सांगितलं की तिला एक फार महत्त्वाची गोष्ट कळली आहे. अडॅप्टर फक्त पिना बदलतो.

अखेर स्ट्रेटनर आला. गुलाबी, पंजात मावणारा, वजनाला एका पेरूएवढा. त्याच्या पोटावर एक छोटं सरकतं बटण. एका बाजूला दोनशे तीस, दुसऱ्या बाजूला एकशे दहा. ज्या देशात असाल त्याप्रमाणे बटण सरकवा, असं खाली लिहिलेलं. केतकीनं तो आईला दाखवला, उल्काला दाखवला, खालच्या मुंगसांना बोलावून दाखवला. हलका आहे म्हणून किती जागा वाचली ते सगळ्यांना सांगितलं. वाचलेल्या जागेत आईनं मेतकूट, दोन प्रकारची लोणची आणि बर्फाच्या जंगलात कुणाच्या तरी जाऊबाईंना द्यायचे डिंकाचे लाडू भरले.

जायच्या तीन दिवस आधी केतकीच्या मनात आलं की ऐनवेळी घोटाळा नको, एकदा सराव करून बघू. बरोबर होतं. सराव करावाच. पण मग तिच्या मनात पुढचं आलं. वापरायचा आहे परदेशात, तर सराव पण परदेशी बटणावरच केला पाहिजे ना. नाहीतर सराव कसला.

तिनं बटण एकशे दहावर सरकवलं. आणि प्लग घातला घरच्या भिंतीत.

पुढचं सगळं फार पटकन झालं. स्ट्रेटनर इतका तापला, इतका तापला, की केतकीला वाटलं, वा, परदेशी बटणाचं काम बघा. मग फट् झालं. उजव्या कानामागचा एक झुबका गेला. अख्ख्या झाडाची वीज गेली. वरच्या फांदीवर माकडांची मालिका ऐन रंगात होती, ती गेली. अंधारात जळक्या केसांचा वास आणि वरून माकडं.

आईनं मेणबत्ती लावली. केतकीकडे बघितलं. गुलाबी कोळशाकडे बघितलं.

"झिपरे," आई म्हणाली, "तू अजून इथेच आहेस गं."

दुसरा स्ट्रेटनर मागवला. तसाच, गुलाबीच. तो निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आला. या वेळी सराव केला नाही. खोक्यातून बाहेर पण काढला नाही. उल्कानं बटणाचं सगळं स्वतः वाचलं, दोनदा, मोठ्यानं, आणि म्हणाली की तिथे गेल्यावर मी सरकवीन, तू हात लावू नकोस.

मग दोघी निघाल्या. करकोच्यांचं विमान होतं. उल्का अठरा तास झोपली, काटे आवरून, शेजाऱ्याला एकही न टोचता. केतकी अठरा तास जागी होती. खिशातला फोटो काढून बघायची, परत ठेवायची. आत घेतील का, एवढाच विचार. तीन वर्षं नकार घेतलेल्या प्राण्याला चौथ्या वर्षी वेशीवरून परत पाठवलं तर तो घरी कुठल्या तोंडानं जाईल, तूच सांग. आईनं तर अख्ख्या जंगलाला पेढे वाटले होते.

विमान उतरलं. केतकी धावत बाथरूममध्ये. उल्कानं बटण एकशे दहावर सरकवलं, अडॅप्टर लावला, प्लग घातला, लाल दिवा लागला. आणि बाळा, चालला. काय चालला. तो तक्ता, ती परीक्षणं, ते तीन आठवडे, सगळं सार्थकी लागलं. डावी बाजू अशी सरळ झाली, अशी सरळ झाली की आरशात फोटोच दिसायला लागला. उल्का बाहेर सामान धरून उभी होती. मध्ये मध्ये आत डोकावून, झालं का, एवढंच विचारायची.

अस्वलाची एक बाजू सरळ करायला पाऊण तास लागतो. कुठल्याही परीक्षणात हे लिहिलेलं नव्हतं.

भोंगा वाजला. आपल्या विमानातल्या प्रवाशांची वेशीवरची खिडकी बंद होतेय, शेवटचे राहिलेले ताबडतोब या. उजवी बाजू अजून जशीच्या तशी, झुडूप. उल्कानं तिच्या हातातून स्ट्रेटनर काढून घेतला, गार केला, पिशवीत कोंबला आणि तिला ओढत रांगेत नेलं.

खिडकीत एक म्हातारा वॉलरस बसला होता. दोन मोठे सुळे, झाडूसारख्या मिशा, आणि कोपराशी माशाच्या सुपाचं भलंमोठं वाफाळतं भांडं.

उल्का पुढे होती. वॉलरसनं फोटो बघितला. उल्काकडे बघितलं. कपाळाची आठी बघितली, फोटोतली आठी बघितली. परत फोटो, परत उल्का.

"हुबेहूब," तो म्हणाला.

"हो. मीच आहे," उल्का म्हणाली, जरा अभिमानानंच.

वॉलरसनं घंटा वाजवली. दोन सील आले आणि उल्काला दोन्ही बाजूंनी, काटे सांभाळत, शेजारच्या काचेच्या दाराच्या खोलीत घेऊन गेले. उल्का विचारत होती की काय झालं, काय चुकलं. दार बंद झालं.

केतकीनं विचारलं, तिनं काय केलं.

"बाई, मी या खिडकीत तीस वर्षं बसतोय," वॉलरस म्हणाला. "फोटोसारखं दिसणारं कुणी येत नाही. कुणीच नाही. सगळे फोटोत बरे दिसतात आणि इथे तुमच्या त्या बाजूसारखे येतात. गेल्या वर्षी एक कोल्हा आला होता. फोटोशी मिशीन् मिशी जुळत होती. आत घेऊन तपासलं, तर सगळे कागद बनावट. तेव्हापासून जुळलं की आत घ्यायचं आणि चौकशी करायची. या, पुढे या."

केतकी पुढे गेली. वॉलरसनं एक कोरा कागद घेतला आणि तिच्या चेहऱ्याच्या उजव्या अर्ध्यावर धरला. मग फोटो बघितला. त्याच्या मिशा ताठ झाल्या.

"ही बाजू हुबेहूब आहे."

त्याचा हात घंटेकडे गेला.

आता गंमत बघ. ज्या प्राण्यानं एक स्ट्रेटनर, एक झुबका आणि अख्ख्या झाडाची वीज घालवली ती फोटोसारखं दिसण्यासाठी, तो प्राणी आता खिडकीच्या कट्ट्याला धरून शपथा घ्यायला लागला. साहेब, मी अशी दिसत नाही हो. मी आजवर कधीच अशी दिसलेली नाही. आमच्या आईला विचारा, तिला माझी मान आहे हेच माहीत नव्हतं. रेशनकार्ड दाखवू का? तिनं रेशनकार्ड काढून दाखवलं. वॉलरसनं घोंगडीकडे बराच वेळ बघितलं, पण हात घंटेवरून काढला नाही.

तेव्हा केतकीला सूप दिसलं. तिनं विचारलंच नाही. सरळ वाकली आणि डोक्याची डावी बाजू त्या वाफेवर धरली. पाऊण तासाचं काम वाफेत गेलं, बाळा. एकेक बट टुणकन उडून वर जाऊ लागली. आधी कानापाशी, मग कपाळावर, मग सगळ्याच. दोन मिनिटांत डावी बाजू उजवीसारखी झाली. सुपात थोडे केस पण पडले.

वॉलरसनं कागद खाली ठेवला. फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. चेहरा खुलला त्याचा.

"आता काहीच जुळत नाही," तो समाधानानं म्हणाला. "खऱ्या आहात. या, स्वागत आहे."

आणि शिक्का उचलला. शिक्का हवेत धरूनच त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "ती साळिंदरबाई तुमच्याबरोबरची का?"

दार काचेचं होतं. पलीकडून उल्का बघत होती. तिच्या हातात अजून केतकीची पिशवी होती.

"नाही," केतकी म्हणाली. "रांगेत पुढे होत्या, तेवढंच."

शिक्का पडला. एका सीलनं पिशवी आणून दिली.

परवाची गोष्ट ही. तेव्हापासून उल्का त्या खोलीत आहे. तशी सोय चांगली आहे म्हणे, जेवण मिळतं. मासेच असतात, ती खात नाही, ते सोड. तिला त्यांनी सांगितलंय की बाई, तुझ्यासारखा न दिसणारा एक तरी फोटो दे, लगेच सोडतो. खोलीतच कॅमेरा आहे. आतापर्यंत अकरा फोटो काढले. अकराही उल्कासारखे आले. बारावा नाही जमला, तर उद्या सकाळच्या विमानानं परत.

आता एक उपाय आहे. साळिंदराचे काटे सरळच असतात, पण उभे असतात. ते स्ट्रेटनरनं मागे चापून बसवले, तर उल्का कुणालाही उल्का वाटणार नाही, एखादी गुळगुळीत बाई वाटेल. स्ट्रेटनर केतकीकडे आहे. पण तो द्यायला खिडकीत जावं लागेल आणि म्हणावं लागेल की ही माझी मैत्रीण आहे. मग वॉलरस विचारणार की परवा नाही कशी म्हणालात. त्याच्याकडे शिक्का मारायची सोय आहे तशी खोडायची पण आहे, भिंतीवर लिहिलंय मोठ्या अक्षरात.

तर गोष्ट इथे थांबली आहे. केतकी स्वतःच्या खोलीत बसून आहे, स्ट्रेटनर मांडीवर. कोर्सचा पहिला तास आज झाला. छान होता. तिला एक अक्षर कळलं नाही.

तात्पर्य: फोटो नेहमी खोटाच काढावा. खरा काढणाऱ्याची चौकशी होते आणि ती होईपर्यंत तो मासे बघत बसतो. परदेशी जाताना स्ट्रेटनर घ्यायचाच असेल तर दोन्ही व्होल्टेजवर चालणारा घ्यावा, बटण बघून लावावं आणि केसांना मुळीच लावू नये. मैत्रीण मात्र सरळ स्वभावाची करावी. वेशीवर दोघींपैकी कुणीतरी एक अडकणार असते, आणि ती आपण नसतो.

झालं. हे बघ, खिडकी सकाळी आठला उघडते आणि विमान नऊला आहे. तू केतकीच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?